आपल्याशिवाय जिंकलेली टीम

गेल्या पावसाळ्यात मी महिनाभर नेरला होतो. लॅपटॉप, हॉटस्पॉट आणि सोयाबीनच्या दिवसांतली चिकचिक. आमच्या गल्लीतला नववीतला एक पोरगा त्या वर्षी पहिल्यांदाच शाळेच्या कबड्डी टीममध्ये निवडला गेला होता. तालुका स्पर्धेला चार दिवस उरलेले असताना सरावातच त्याचा घोटा मुरगळला. संध्याकाळी मी फिरायला निघालो, तर हा ओट्यावर बसलेला. पायाला क्रेप बँडेज, पायाखाली उशी.

"दादा, माह्या जागी सरांनी दुसऱ्याले घेतलं," तो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "माह्याशिवाय टीम जिंकली तं?"

मी "होशील बे लवकर बरा" असं काहीतरी बोललो आणि पुढे निघालो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण कधीकाळी मीही त्याच ओट्यावर बसलेलो होतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आलो. तालुक्याच्या गावातून आलेला, उंची बरी, बाकी शिकायचंच होतं. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी आठवडाभर एक सराव सामना झाला. रिबाउंड घेऊन खाली येताना माझा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि आत वळला. स्पर्धा मी हॉस्टेलच्या खाटेवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर बघितली. माझ्या जागी माझा रूममेट खेळला. टीम उपांत्य फेरीपर्यंत गेली. ग्रुपवर फोटो आले, मी अंगठा दाखवला आणि मोबाइल उलटा ठेवला. आज लिहायला हरकत नाही : ते हरावेत असं मला वाटत होतं.

तीन वर्षांनी, शेवटच्या वर्षाला असताना, हीच गोष्ट मी फार मोठ्या मैदानावर घडताना पाहिली.

३० नोव्हेंबर २०१८. सिडनी क्रिकेट ग्राउंड. भारत विरुद्ध क्रिकेट ऑस्ट्रेलिया इलेव्हन, चार दिवसांचा सराव सामना. पहिली कसोटी सहा दिवसांवर. मॅक्स ब्रायंटने मारलेला चेंडू डीप मिडविकेटकडे आला आणि सीमारेषेवर उभा असलेला पृथ्वी शॉ झेल घ्यायला गेला. तोल सांभाळताना त्याचा डावा घोटा शरीराखाली वळला आणि तो दोरीपलीकडे पडला. त्याला उचलून मैदानाबाहेर नेलं. स्कॅनमध्ये घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटला दुखापत दिसली. पाय आत वळला की हाच भाग ताणला जातो. माझाही तोच होता, त्या पोराचाही बहुधा तोच.

पृथ्वीला एकोणिसावं वर्ष पूर्ण होऊन तेव्हा बरोबर तीन आठवडे झाले होते. विरारहून लोकलने बांद्र्याला सरावाला जाणारा मुलगा ही त्याची ओळख मुंबईला आधीपासून होती. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ५४६ धावा केल्या होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४ धावा. दोन कसोटींत २३७ धावा आणि मालिकावीराचा मान. सिडनीच्या याच सराव सामन्यातही दुखापतीच्या आदल्या दिवशी त्याने ६९ चेंडूंत ६६ धावा केल्या होत्या.

टीमला त्याची गरज किती होती, हे त्या वर्षाकडे पाहिलं की कळतं. दक्षिण आफ्रिकेत भारत १-२ हरला, इंग्लंडमध्ये १-४. सलामीची जोडी सतत बदलत होती. शिखर धवन संघाबाहेर गेला, मुरली विजयला इंग्लंड दौऱ्याच्या मध्येच वगळलं होतं आणि ऑस्ट्रेलियासाठी परत घेतलं होतं. के. एल. राहुल एका डावात चमकायचा आणि पुढचे कित्येक डाव गप्प. अशा वेळी हा पोरगा आला आणि वरच्या फळीचा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जुना बग अखेर फिक्स झाला होता आणि रिलीजच्या आठवड्यात नेमका तोच सर्व्हर बंद पडला.

मग टीमचं काय झालं?

सुरुवातीला तर काहीच बिघडलं नाही असं वाटलं. त्याच सराव सामन्याच्या दुसऱ्या डावात विजयने १२९ आणि राहुलने ६२ धावा काढल्या. जागा भरली, चला पुढे. ॲडलेडला चेतेश्वर पुजाराने १२३ आणि ७१ धावा केल्या आणि भारत ३१ धावांनी जिंकला. हॉस्टेलमध्ये पहाटे उठून मॅच बघणारे आम्ही सात-आठ जण नाचलो. पण त्या विजयाखाली सलामीची भेग झाकली गेली : विजयच्या ११ आणि १८ धावा, राहुलच्या २ आणि ४४. पर्थला ती उघडी पडली. विजय ० आणि २०, राहुल २ आणि ०. भारत १४६ धावांनी हरला. मालिका १-१.

पर्थची कसोटी सुरू असतानाच पृथ्वी पूर्ण मालिकेतून बाहेर गेल्याचं जाहीर झालं आणि मयंक अगरवालला बोलावणं गेलं. या माणसाची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. २०१७-१८ च्या रणजी हंगामात कर्नाटककडून त्याने ११६० धावा केल्या होत्या. वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत तो संघात होता, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी तर मुळात निवडच झाली नव्हती. पृथ्वीचा घोटा वळला नसता तर त्याला हे बोलावणं बहुधा गेलंच नसतं.

२६ डिसेंबरला मेलबर्नमध्ये भारताने दोन्ही सलामीवीर बदलले. मयंकचं पदार्पण आणि त्याच्या जोडीला हनुमा विहारी, जो एरवी मधल्या फळीत खेळायचा. विहारीच्या धावा फक्त ८, पण त्या ८ धावांसाठी त्याने ६६ चेंडू खेळले. नवा चेंडू जुना झाला. मयंकने ७६ केल्या. पुजाराचं शतक त्याच पायावर उभं राहिलं आणि भारत १३७ धावांनी जिंकला. सिडनीच्या कसोटीत मयंकने ७७ केल्या, पुजाराने १९३, आणि पावसाने सामना अनिर्णित राहिला. १९४७-४८ च्या पहिल्या दौऱ्यापासून ७१ वर्षांत भारत ऑस्ट्रेलियात एकही कसोटी मालिका जिंकला नव्हता. ती मालिका २-१ अशी जिंकली आणि ज्याच्यावर सलामीची मदार होती तो त्या मालिकेत एकही चेंडू खेळला नाही.

मला हा इतिहास वाचताना एक प्रश्न पडतो : दुखापतीची किंमत कोण भरतं?

अमेरिकेतल्या एनबीएमध्ये याचं उत्तर वेगळं आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर ब्लेक ग्रिफिनला घेतलं. हंगामाआधीच्या शेवटच्या सराव सामन्यात डंक मारून खाली येताना त्याच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीला दुखापत झाली आणि अख्खा हंगाम बुडाला. क्लिपर्सने ८२ पैकी २९ सामने जिंकले. किंमत टीमने भरली. पण ग्रिफिनची जागा गेली नाही, कारण काही वर्षांचा करार त्याच्या हातात होता आणि क्लबने त्याच्यावरच डाव लावला होता. पुढच्या हंगामात तो परतला आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

आपल्याकडे असा करार जागा राखत नाही. आपल्याकडे रांग आहे. रांगेतला एक खाली बसला की मागचा पुढे सरकतो आणि पुढे सरकलेल्याला मागे जा म्हणणं अवघड. शिवाय मागचाही हक्काचाच असतो. मयंकने कोणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं.

ही रांग जुनी आहे. मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर, बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात, म्हणजे कसोटी नसलेल्या सामन्यातच, चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. जीव वाचवण्यासाठी रक्त लागलं, तेव्हा वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. आपल्या संघातून पुण्याचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनी रक्त दिलं. तिकडे पुढच्या कसोटीला कर्णधार हवाच होता. तो झाला एकवीस वर्षांचा मन्सूर अली खान पतौडी, ज्याचं पदार्पण जेमतेम तीन महिन्यांपूर्वीचं. भारत ती मालिका ५-० हरला, पण पतौडीच्याच नेतृत्वाखाली १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये परदेशातली पहिली मालिका जिंकला. कॉन्ट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणी सामने खेळले, कसोटी पुन्हा कधीच नाही. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये, साठ वर्षांनी, काढली.

रक्त देणारे आणि दुसऱ्या कर्णधाराच्या मागे मैदानात उतरणारे, दोन्ही तेच लोक होते. मला वाटतं टीम म्हणजे हेच. ती माणसासाठी थांबते, जागेसाठी थांबत नाही.

पृथ्वीचं पुढे जे झालं ते सगळं त्या घोट्याच्या माथी मारणं खोटं ठरेल. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधात सापडणाऱ्या प्रतिबंधित द्रव्यामुळे त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. अनवधानाने घेतल्याचं त्याचं म्हणणं बोर्डाने मान्य केलं. २०२० च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये तो परतला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ० आणि ४ वर बाद झाला आणि पुढच्या कसोटीत शुभमन गिल आला. पाच कसोटींवर गाडी थांबली. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. मुरली विजयसाठी पर्थची कसोटी शेवटची ठरली. आणि मयंकही पुढे रांगेत मागे गेलाच. एक घोटा वळला, तर तीन माणसांची आयुष्यं सरकली आणि स्कोअरकार्डवर त्यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त २-१ आहे.

माझा रूममेट पुढची तिन्ही वर्षं टीममध्ये खेळला. मी परत गेलो, पण बेंचवर. मग सराव सोडला. घोटा तर दीड महिन्यात बरा झाला होता. ते हरावेत असं मला वाटलं होतं, हे त्याला मी आजवर सांगितलेलं नव्हतं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "मले माहीत होतं बे. तू अंगठा दिला होता फक्त. तू तं एरवी दहा मेसेज टाकते."

परत त्या पोराकडे गेलो, तेव्हा उपांत्य सामना दुसऱ्या दिवशी होता. मी म्हटलं, "जिंकली तर वाईट वाटंल तुले. वाटू दे. पण चल तं खरं."

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवर मागे बसवून नेलं. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय समोरच्या खुर्चीवर. पहिली दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग त्याच्या जागी घेतलेला पोरगा रेड टाकायला गेला आणि आमचा गडी खुर्चीतूनच ओरडला, "डाव्या कोपऱ्यातला धर! तो पाय पुढे ठेवते!"

त्या पोराने ऐकलं की नाही, कोण जाणे. पॉइंट मात्र मिळाला.