डांबराच्या सीलपासून वॉरंटी कार्डापर्यंत : वणी–झरी जामणी परिसरातील मोटार-बॅटरीचा व्यवहार

मोटारीची बॅटरी निकामी झाल्यावर तिच्या जागी कोणती घ्यावी, हा प्रश्न आज किंमत आणि वॉरंटीचे महिने या दोन आकड्यांवर सोडवला जातो. परंतु हे दोन आकडे शेजारी ठेवून निवड करण्याची रीत वाटते तितकी जुनी नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, पैनगंगेच्या अलीकडे वसलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यात मोठी खरेदी वणी किंवा पांढरकवडा येथे आणि प्रसंगी नदीपलीकडच्या राज्यात, आदिलाबादला होत आली आहे. अशा ठिकाणी या रीतीचा इतिहास विशेष स्पष्ट दिसतो, कारण विकत घेतलेल्या वस्तूची हमी नेमकी कोण देतो, हा प्रश्न मोठ्या बाजारापासूनच्या अंतराबरोबर अधिक टोकदार होत जातो.

मोटारीत वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी ही मुळात फ्रेंच शोध आहे. गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये सौम्य गंधकाम्ल घालून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा विद्युत्‌घट तयार केला आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता वाढवली. अशा प्रत्येक घटातून, म्हणजे व्यवहारातील ‘सेल’मधून, सुमारे दोन व्होल्ट दाब मिळतो, त्यामुळे बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसेपर्यंत बॅटरीकडे इंजिन सुरू करण्याचे काम नव्हते. त्यानंतरही कित्येक दशके गाडीसोबत लोखंडी हँडल मिळत असे, आणि बॅटरी बसली तरी हँडल मारून किंवा उतारावर धक्का देऊन गाडी निघत असे. बॅटरीवाचून गाडी अडत नव्हती, तोपर्यंत तिच्या आयुष्याची लेखी हमी मागण्याची निकडही मर्यादितच होती.

वऱ्हाडच्या या भागात मोटार आली ती कापूस आणि कोळसा यांच्या वाटांवर. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत वणीवरून ‘वुन’ जिल्हा म्हटले जात होते आणि १९०५ च्या वऱ्हाडच्या पुनर्रचनेच्या काळात त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पुढे जिनिंग कारखान्यांच्या लॉऱ्या, सरकारी जीपगाड्या आणि प्रवासी बसगाड्या यांनी येथील बॅटरीचे पहिले गिऱ्हाईक घडवले. खासगी मोटारगाडी या यादीत बरीच उशिरा येते. माल परदेशी किंवा फार तर कलकत्त्याचा असे. क्लोराइड या ब्रिटिश समूहाने पहिल्या महायुद्धाच्या काळापासून भारतात एक्साइड बॅटऱ्या आणून विकल्या, १९४६ मध्ये बंगालमधील श्यामनगर येथे कारखाना काढला आणि १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला दुसरा उभारला. मुंबईच्या स्टँडर्ड बॅटरीजचे नावही ट्रक आणि मोटारधंद्यात घरोघरी माहीत होते. तिचा बॅटरीचा व्यवसाय १९९८ मध्ये एक्साइडकडे गेला. परवाना-पद्धतीच्या दशकांत खरेदीदाराला निवड फारशी नव्हती, आणि जिथे निवड नाही तिथे तुलनेचे कोष्टकही तयार होत नाही.

त्या काळात हमीची जागा दुरुस्तीने घेतली होती. जुन्या बॅटरीचा डबा कडक रबराचा असे, प्रत्येक सेलला वेगळे झाकण असे आणि झाकणाभोवतीची फट डांबरासारख्या द्रव्याने बुजवलेली असे. दोन सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरच उघड्या दिसत. त्यामुळे बॅटरी बिघडली म्हणजे सहापैकी बहुधा एखादाच सेल बिघडलेला असतो, हे तालुक्याच्या गावातील बॅटरीवाला पाहून सांगू शकत असे. तो आम्लाची घनता मोजणारी काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर, एकेका सेलमध्ये बुडवी, कमी घनता दाखवणारा सेल ओळखून ज्योतीने डांबर मऊ करी, पट्टी कापून प्लेटांचा जुडगा वर काढी, तुटलेल्या प्लेटा आणि त्यांच्यामधील विलगक, म्हणजे धन आणि ऋण प्लेटांचा स्पर्श टाळणारे पातळ पडदे, बदली आणि शिशाचा नवा टाका देऊन, ताजे आम्ल भरून बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावी. अशा बॅटरीचे आयुष्य कंपनीने ठरवलेले नसून दुरुस्त्यांच्या संख्येने ठरत असे आणि गिऱ्हाइकाचा भरवसा छापील कागदावर नव्हे, तर त्या माणसावर असे. या व्यवस्थेचे गुणगान मात्र जपून करायला हवे. शिशाची वाफ आणि धूळ त्याच खोलीत श्वासाबरोबर आत जाई, सांडलेले आम्ल गटारात जाई, आणि जुन्या प्लेटा घालून बांधलेली ‘लोकल’ बॅटरी नव्या भावात गळ्यात पडली, तर दाद मागायला जागा नसे.

विदर्भातील उन्हाळा हा या इतिहासातील तितकाच महत्त्वाचा घटक आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या प्लेटांमधील शिशाच्या जाळीची झीज आणि इतर रासायनिक क्रिया उष्णतेने वेगावतात. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. थंड देशांत पूर्ण भारित बॅटरीच्या आम्लाची सापेक्ष घनता १.२८० च्या आसपास ठेवतात, तर उष्ण प्रदेशासाठी ती १.२४० पर्यंत सौम्य ठेवण्याचा प्रघात पडला, तो याच कारणाने. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या मुलखात इंजिनाशेजारी बसलेल्या बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते, प्लेटा उघड्या पडतात आणि उन्हाळ्याने केलेले नुकसान बहुधा पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहाटे उघडकीस येते. ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी आहे. हंगाम संपल्यावर तो आठवडेच्या आठवडे उभा राहतो, बॅटरी आपोआप उतरत जाते आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. अशी बॅटरी वापराने मरत नाही, बसून मरते.

बदलाची सुरुवात डब्यापासून झाली. कडक रबराऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे, वरून वितळवून एकसंध बंद केलेले डबे आले, सेलच्या पट्ट्या आत गेल्या, जाळीतील अँटिमनीचे प्रमाण घटून तिथे कॅल्शियम आले आणि पाणी घालण्याची गरज कमी होत गेली. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून हँडलची सोय नसलेल्या गाड्या सामान्य घरांत पोहोचू लागल्या. गाडी बॅटरीवर पूर्णपणे अवलंबून झाली आणि नेमकी त्याच काळात बॅटरी उघडता येईनाशी झाली. दुरुस्तीचा मार्ग बंद झाल्याने जी पोकळी निर्माण झाली, ती वॉरंटी कार्डाने भरली. वॉरंटीकडे केवळ कंपन्यांचे औदार्य म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. तिरुपतीजवळच्या अमर राजा समूहाने २००० मध्ये अमॅरॉन ही बॅटरी बाजारात आणली, तेव्हा देखभालमुक्तता आणि रुळलेल्या मुदतीहून लांब वॉरंटी हीच तिची मुख्य शस्त्रे होती. एक्साइडला त्याच भाषेत उत्तर देणे भाग पडले. पुढे रांजणगावच्या कारखान्यातून टाटा ग्रीनही या स्पर्धेत उतरली आणि महिन्यांचा आकडा नावातच किंवा डब्यावर ठळकपणे मिरवू लागला.

कायद्याचा इतिहास याला समांतर चालला. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमात वॉरंटी म्हणजे कराराच्या मुख्य हेतूला पूरक असलेली अट. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण त्या कारणाने माल नाकारता येत नाही. हा अधिकार कागदावर होता, तो बजावण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि एका बॅटरीसाठी ती कोण चढणार? महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने जिल्हा पातळीवर तक्रारीचा मंच दिला. झरी जामणीच्या ग्राहकासाठी तो मंच यवतमाळला, म्हणजे पांढरकवड्याच्याही पुढे होता. बॅटरी आदिलाबादेत घेतली असेल, तर प्रकरण राज्याच्या सीमेपलीकडे जाई. २०१९ चा नवा अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हा तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करण्याची मुभा मिळाली. सीमेवरच्या तालुक्याच्या दृष्टीने त्या अधिनियमातील ही सर्वांत उपयोगी तरतूद म्हणावी लागेल.

वॉरंटीचा आकडा वाचण्याची कला मात्र अजून पुरती रुजलेली नाही. साठ महिन्यांची वॉरंटी म्हणजे साठ महिने फुकट बदली नव्हे. तिचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिल्या भागात उत्पादनदोष सिद्ध झाल्यास बॅटरी विनामूल्य बदलून मिळते आणि दुसऱ्या भागात, ज्याला ‘प्रो-रेटा’ म्हणतात, उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात नव्या बॅटरीवर सवलत मिळते. केवळ हिशेबासाठी असे धरू, की एक बॅटरी ४,००० रुपयांना असून तिची वॉरंटी अठरा अधिक अठरा महिन्यांची आहे, तर दुसरी ५,५०० रुपयांना असून तिची तीस अधिक तीस महिन्यांची आहे. किमतीला एकूण महिन्यांनी भागले तर पहिली महिन्याला १११ रुपये पडते आणि दुसरी ९२. दुकानात हाच हिशेब सांगितला जातो. आता दोन्ही बॅटऱ्या चाळिसाव्या महिन्यात गेल्या असे समजू. पहिलीचा खर्च महिन्याला १०० रुपये झाला आणि तिची वॉरंटी संपलेली आहे. दुसरीवर प्रो-रेटा सवलत, समजा, वीस टक्के मिळाली; पण ही सवलत दुकानातील भावावर नव्हे, तर छापील कमाल किमतीवर मोजली जाते. छापील किंमत ६,५०० रुपये असेल, तर सवलतीनंतर ५,२०० रुपये भरावे लागतात आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते. तीच जुनी बॅटरी मोडीत देऊन ७०० रुपये सुटले असते, तर वॉरंटी न वापरता नवी बॅटरी ४,८०० रुपयांत आली असती. म्हणजे शेवटच्या टप्प्यातील वॉरंटी वापरणे हे न वापरण्यापेक्षा महाग पडू शकते. या उदाहरणात लांब वॉरंटीचे खरे मोल अठराव्या आणि तिसाव्या महिन्यांच्या दरम्यान आहे, कारण त्या काळात पहिल्या बॅटरीवर अंशतः सवलत आणि दुसरीवर फुकट बदली मिळते. एकूण महिन्यांपेक्षा फुकट बदलीचे महिने पाहून भाव ठरवणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे आहे. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते, नवी नाही, हेही विसरून चालत नाही.

लहान बाजाराच्या काही अडचणी या हिशेबात मावत नाहीत. विक्री मंद असलेल्या दुकानात बॅटरी महिनोन्‌महिने फळीवर पडून राहते, उष्णतेत आपोआप उतरते, आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजली गेली तरी आतील प्लेटांचे वय कारखान्यापासूनच मोजले जाते. डब्यावर ठोकलेली निर्मितीची तारीख वाचून घेणारा ग्राहक अर्धी लढाई तिथेच जिंकतो. वस्तू आणि सेवा कर लागू होण्यापूर्वी, म्हणजे जुलै २०१७ पर्यंत, दोन्ही राज्यांची करव्यवस्था वेगळी असल्याने नदीपलीकडचा भाव स्वस्त पडू शके. परंतु त्या दुकानदाराचा शिक्का असलेले कार्ड घेऊन बॅटरी परत तिथेच न्यावी लागली, की वाचलेले पैसे भाड्यात जात. प्रवासी वाहतुकीच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आणि मुकुटबन–वणी पट्ट्यातील कोळसा, चुनखडी व सिमेंट यांच्या वाहतुकीवरील वाहने यांना तर खासगी मोटारीची पूर्ण मुदत सहसा मिळतच नाही. व्यावसायिक वापर असेल तर वॉरंटी कमी होते, असे कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि ते वाचले जाते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मोडीच्या भावालाही आता कायद्याची चौकट आली आहे. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे आणि त्याची संयुगे यांचा असल्याने जुनी बॅटरी कधीच निरुपयोगी नव्हती. ती भंगारवाल्यामार्फत उघड्यावरील भट्ट्यांत वितळवली जाई. मे २००१ च्या बॅटरी व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेते यांच्यावर टाकली आणि ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांसाठी विस्तारित स्वरूपात बांधील केली. ‘जुनी देऊन’ आणि ‘जुनी न देता’ असे दोन भाव सांगण्याची दुकानदारांची जुनी प्रथा या नियमांशी जुळून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरील वस्तू आणि सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे वरच्यासारख्या हिशेबात एक नवीच गुंतागुंत आली आहे : जुन्या छापील किमतीवर घेतलेल्या बॅटरीची प्रो-रेटा सवलत बदलीच्या दिवशीच्या किमतीवर मोजली जात असेल, तर रुपयांत मिळणारी सवलतही आता लहान झाली आहे. दरम्यान कार्ड आणि शिक्का यांच्या जागी मोबाइल क्रमांकावर होणारी वॉरंटीची नोंद आली असून ती विक्रीच्या वेळी दुकानदाराने करायची असते. ती राहून गेली असेल, तर पावती जपून ठेवलेल्या ग्राहकालाच पुढे बोलायला जागा उरते.