रुळांची रेषा आणि माणसांची वस्ती



बीदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्णत्वास गेला. १९९७-९८ साली मंजूर झालेल्या या मार्गाची आपल्या सीमाभागाने वीस वर्षे वाट पाहिली. रेल्वे दाराशी यावी, हीच आपली मागणी. म्हणून ती आमच्या वस्तीतून नेऊ नका, असे म्हणणारे लोक आपल्याला सहजच प्रगतीचे वैरी वाटतात. त्यांची बाजू समजून घ्यायची तर गोव्यातील कोकण रेल्वेच्या मार्गबदलाचे आंदोलन अभ्यासले पाहिजे.

कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख, असा दुर्मीळ योग त्या वेळी जुळून आला होता. रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे ७६० किलोमीटरच्या या मार्गाची गोव्यातील आखणी मात्र तिसवाडी, सासष्टी अशा दाट वस्तीच्या तालुक्यांतून जात होती. मार्ग पूर्वेकडील अंतर्भागातून वळवावा, या मागणीसाठी कृती समिती उभी राहिली.

आक्षेप केवळ घरे जाण्याचा नव्हता. मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत खाजण शेती आहे. बांध घालून खारे पाणी थोपवायचे, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी आवरायची आणि त्या जमिनीत भात पिकवायचे, ही व्यवस्था गावकरी संस्थांनी शतकानुशतके सांभाळली. तिच्यातून रुळांसाठी मातीचा उंच भराव गेला, तर पाण्याच्या वाटा तुंबतील, ही भीती होती. १९८६ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या जुन्या गोव्याच्या वास्तूंची चिंताही तिच्या जोडीला आली.

दुसरी बाजूही दुर्बळ नव्हती. मार्ग वळवल्यास खर्च व विलंब वाढेल आणि मोठी गावे स्थानकापासून दूर पडतील, असे तिचे म्हणणे होते. गोव्याचे जनमत दुभंगले. गोवा फाउंडेशनची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळली. १९९३ मध्ये केंद्र सरकारने वादग्रस्त टप्प्याचे काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली. पण अखेर मूळ मार्गच कायम राहिला. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

मग आंदोलन व्यर्थ गेले काय? निकालापुरते, होय. परंतु चौकशी झाली ती रेषा आखून झाल्यावर, काम सुरू झाल्यावर. हे या इतिहासातील शल्य आहे. पाणी कुठे साचते, कोणता बांध कशाच्या आधाराने उभा आहे, हे गावाला ठाऊक असते. नकाशाला ते विचारून घ्यावे लागते. २०२० च्या नोव्हेंबरात गोव्यातील चांदर येथे दुहेरी लोहमार्गाविरुद्ध ग्रामस्थ रात्री रुळांवर उतरले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

उद्या आपण आणखी मार्ग मागू, आणि मागावेतच. मात्र ते कोणाच्या शिवारातून, कोणत्या ओढ्यावरून जाणार, हे मोजणीचे दगड रोवले जाण्यापूर्वी विचारणे, हाही त्या मागणीचाच भाग मानला पाहिजे.