साडेचार किलोंचा सूर

नातवाने गिटार आणली त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने ती वाजवून पाहण्याऐवजी उचलून पाहिली. आमच्या हिने दोन्ही हातांवर तोलली आणि "चांगली जड आहे हो, टिकेल," असा निकाल दिला. पितळेची घागर, पुरणाचं यंत्र, लेकीला घातलेल्या पाटल्या, सगळं तिने याच कसोटीवर पारखून घेतलेलं आहे, आणि आजवर ती फसलेली नाही. मी मात्र भोक शोधत होतो. गिटारीला मध्ये गोल भोक असतं एवढंच माझं गिटारविषयक ज्ञान, आणि हिला तेच नव्हतं.

"आजोबा, ही इलेक्ट्रिक. सॉलिड बॉडी. आतून भरीव. साडेचार किलो!" साडेचार किलो हा आकडा त्याने अशा अभिमानाने सांगितला की जणू बाळंतपण त्यानेच केलं होतं. "जड असली की सूर जास्त टिकतो."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझा उजवा खांदा ठणकला.

कारण हेच वाक्य मी पन्नासएक वर्षांपूर्वी रोज ऐकत असे. माझे मामा कीर्तनात पेटीची साथ करायचे. नगर, पारनेर आणि श्रीगोंदा या तीन तालुक्यांत जिथे म्हणून कीर्तन उभं राही, तिथे मामा बसत. आणि मामा जिथे बसत तिथवर पेटी नेण्याचं काम माझं. ती सागवानी पेटी म्हणजे लहानसं घरच होतं. जोडसुरांची, आत पितळी सूर, वर पितळी कड्या. शिवाय तिला ठेवायला आणखी एक लाकडी पेटी. म्हणजे पेटीची पेटी. यातली नक्की कुठली पेटी मी वाहत होतो हे व्याकरणाला ठाऊक. खांद्याला दोन्ही सारख्याच लागत. एस.टी.च्या टपावर ती चढवायची, गाव आलं की उतरवायची आणि फाट्यापासून देवळापर्यंत चालायचं. देऊळ आणि फाटा यांच्यात दोन मैलांचं अंतर असावं असा त्या काळी सरकारी नियमच असावा. मी वाटेत एकदा तरी म्हणायचो, "मामा, एखादी हलकी पेटी घेऊ या ना." मामा म्हणायचे, "अरे, हलक्या पेटीला दम नसतो. लाकूड जड तेवढा सूर भारदस्त." त्यांच्या हातात तेव्हा पिशवी असे. पिशवीत टाळ आणि पानाचा डबा.

परिणाम असा झाला की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. हे मला पहिल्यांदा कापडबाजारातल्या आमच्या शिंप्याने सांगितलं. लग्नाच्या कोटाचं माप घेताना त्याने टेप मानेवर टाकली, एक डोळा मिटला आणि विचारलं, "पोती उचलायचं काम होतं का?" मी म्हटलं, "नाही, संगीताची सेवा."

या ओझ्याचा मूळ गुन्हेगार कोण, याचा शोध मी पुढे घेतला. हार्मोनियम हे मूळचं आपलं नव्हेच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ नावाच्या गृहस्थाने 1842 साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा ती पेटी नव्हती, चार पायांचं फर्निचर होतं. खुर्चीवर बसायचं, पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. पण आपला गवई बसतो मांडी घालून. त्याचे पाय भात्याला कसे पोचणार? शेवटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास तिचे पाय काढले आणि भाता मागच्या बाजूला, हाताशी आणला. एका हाताने भाता, एका हाताने सूर. हिंदुस्थानी संगीतावर हे केवढे उपकार झाले! पण पाय होते तोवर ती एका जागी उभी तरी होती. पाय गेले आणि तिला खांद्याची गरज पडली. तो माझा.

गिटारीचा इतिहास मात्र मला नातवाने शिकवला, आणि तो पेटीच्या इतिहासापेक्षाही गमतीचा निघाला. लेस पॉल नावाचा एक अमेरिकन वादक होता. पोकळ गिटारीला वीज जोडली की मोठ्या आवाजात ती घुमायला, किंचाळायला लागते, म्हणून 1940 च्या आसपास त्याने एक चौकोनी ओंडका घेतला, त्यावर तारा ताणल्या आणि वाजवला. सूर खणखणीत आला, पण ऐकणारे ओंडक्याकडे पाहून हसत. मग त्याने एक चांगली गिटार मधोमध कापून तिच्या दोन फाका ओंडक्याच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. लोकांना लगेच सूरही आवडला. (आपल्याकडेही शेरवानी घातली की गवई बरा गातो.) याच लेस पॉलला 1948 साली मोटारीचा अपघात झाला आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, हात पुन्हा वाकायचा नाही, आहे त्या कोनातच जन्मभर राहील. याने सांगितलं, मग तो गिटार धरता येईल अशा कोनात बसवा. आणि तसा तो बसवला! मी दोन बोटांच्या खांद्याचं एवढं कौतुक सांगत होतो, ते इथे गप्प झालो.

1952 साली गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली. महोगनीचं धड, वर मेपलचा थर. आमच्या नातवाची गिटार म्हणजे तिचीच गरीब नक्कल. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर म्हणून एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, आणि मला वाटतं म्हणूनच तो वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेई. त्याच्या पहिल्या गिटारीच्या कडा फळीसारख्या होत्या, त्या बरगड्यांत रुतत. 1954 साली त्याने नवी गिटार काढली, स्ट्रॅटोकास्टर. तिला पोटापाशी मागून खोलगट तासलं आणि हात टेकतो तिथे पुढून उतार दिला. वाजवणाऱ्याला पोट असतं हे वाद्य बनवणाऱ्याच्या ध्यानात आल्याचा हा इतिहासातला फार दुर्मिळ प्रसंग आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. जडपणाने सूर खरंच सुधारतो का?

आपल्या तंबोऱ्याला विचारलं तर तो नाही म्हणेल. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवून घेतात, तो हातात घेतला तर रिकाम्या टोपलीसारखा लागतो. तिथे तार छेडली की भोपळा आणि वरची तबकडी यांनी थरथरायचं असतं. आपण ऐकतो ती त्यांचीच थरथर. भोपळा जड आणि जाड असेल तर तो थरथरणार कसा? भरीव गिटारीचं उलट आहे. तिथे लाकडाने बोलायचंच नसतं. पोलादी तार लोहचुंबकावर हलते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या तारेत वीज खेळते आणि ती वीज पलीकडच्या डब्यातून ओरडते. लाकडाने फक्त तारेची दोन टोकं घट्ट धरायची आणि तिची ताकद खायची नाही. धड जड आणि ताठ असेल तर ते कमी हलतं, तारेची शक्ती तारेतच राहते, आणि आपण ज्याला आस म्हणतो ती लांबते. म्हणजे नातवाच्या बोलण्यात तथ्य आहे. पण किती? त्याबाबत जाणकारांत अजून मारामाऱ्या चालू आहेत. आणि गंमत अशी की लेस पॉलच्या नावाच्या ज्या गिटारींसाठी आज लोक बंगल्याची किंमत मोजतात, त्या 1958 ते 1960 मधल्या गिटारी बऱ्याचशा चार किलोंच्या आतबाहेरच्या आहेत. पुढे 1970 च्या दशकात त्याच कंपनीने पाच पाच किलोंची धोंडं काढली, त्यांना कुणी एवढं विचारत नाही.

मग वादकांच्या पाठी बोलू लागल्या. तेव्हा 1980 च्या दशकात कंपनीने या गिटारींच्या धडात आतून नऊ भोकं पाडायला सुरुवात केली. वर मेपलचा थर असल्यामुळे बाहेरून काही दिसत नसे. कंपनीने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही, आणि लोक वाजवत राहिले. भोकं आहेत हे कळल्यावर मात्र अनेकांना सुरात फरक ऐकू येऊ लागला. आमच्या शेजारच्या काकूंना दुधात पाणी आहे हे असंच गवळ्याचं बिंग फुटल्यावर चवीवरून कळलं होतं.

हे सगळं नगरात बसून मी का सांगतो आहे? (नगरचं आता अहिल्यानगर झालं. पण पुढचं काहीही बदललं तरी शेवटचं 'नगर' शाबूत राहतं, तेवढ्यावर आम्ही जुनी माणसं भागवतो.) कारण जगातल्या एका फार मोठ्या गिटारवाल्याची वाट आमच्या गावावरून गेलेली आहे. पीट टाउनशेंड. इंग्लंडच्या 'द हू' या वाद्यवृंदाचा. 1964 साली लंडनमधल्या एका ठेंगण्या छताच्या खोलीत वाजवताना याच्या गिटारीचं डोकं छतात घुसून मोडलं. लोक हसले, तेव्हा त्याने रागाने उरलेलीही मोडली, आणि पुढे गिटार फोडणं हा त्याच्या कार्यक्रमाचा भागच झाला. हा माणूस मेहेरबाबांचा भक्त! ज्या मेहेरबाबांनी 1925 च्या जुलैत मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत शब्द उच्चारला नाही, त्यांचा हा भक्त अशा मेळ्यात वाजवी की 1976 सालचा त्यांचा एक कार्यक्रम सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून गिनीज बुकात गेला. 1972 साली तो आरणगावजवळच्या मेहेराबादला, बाबांच्या समाधीशी येऊन गेला.

1972 हे आमचं दुष्काळाचं साल. त्या साली मी दौंड रस्त्याने, त्याच आरणगावावरून, श्रीगोंद्याकडे पेटी नेत होतो. एस.टी.च्या खिडकीतून गोरे लोक दिसत, आम्हाला त्यांचं अप्रूप नव्हतं. त्यातला एखादा टाउनशेंड असेल ही शंका कशी यावी? भेटला असता तर बोलायला एक विषय मात्र होता. तो त्या सुमारापर्यंत गिब्सनचीच एसजी नावाची गिटार वाजवी. पातळ, हलकी, तीन किलोंच्या जवळपास. आणि 1973 नंतर तोच लेस पॉलवाल्या जड गिटारींकडे वळला आणि त्या गळ्यात अडकवून रंगमंचावर उड्या मारू लागला. हलकं सोडून जड का घेतलंस बाबा, एवढंच विचारायचं होतं.

हलक्या एसजीचाही एक त्रास आहे म्हणतात. धड हलकं, मान लांब. मग हात सोडला की डोकं जमिनीकडे झुकतं आणि डाव्या हाताला वाजवायचं सोडून सावरायचंच काम पडतं. हे मला लगेच पटलं, कारण मी सप्ताहात वीणा धरलेली आहे. गोदाकाठी सराला बेटाचा सप्ताह काय किंवा आमच्या गल्लीतला काय, नियम एकच: सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. माझा पहारा पहाटे दोन ते चार. वीणा वजनाला काहीच नाही. पहिल्या अर्ध्या तासात ती फुलासारखी असते. तीन वाजता पट्टा मानेत उतरतो, आणि साडेतीनला गळ्यात जातं बांधल्यासारखं वाटतं. तेव्हा एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने पट्टा दोन बोटं सरकवून दिला आणि भोपळा कमरेशी टेकवला. चार कधी वाजले कळलं नाही. वजन तेवढंच होतं, फक्त जागेवर बसलं.

पण मामांचं राहिलंच. मला नोकरी लागली, मी पुण्याला गेलो आणि पेटी घरी राहिली. मामा साठीच्या पुढे गेलेले. बोलावणी येत होती, पण पेटी न्यायला माणूस नव्हता. एकदा सुट्टीत मी घरी असताना पारनेरकडच्या एका गावचं बोलावणं आलं. मी पेटी उचलायला गेलो तर मामा म्हणाले, "राहू दे. तिथली असेल ती वाजवीन." तिथली म्हणजे शाळेची, प्लायवूडची, एका हाताने उचलावी अशी. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि वाजवली. कीर्तन रंगलं. उठताना गावचे एक जाणते गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "काय बोलते हो तुमची पेटी! जुनं जड लाकूड ते, लपत नाही."

मामांनी हात जोडले. परतीच्या एस.टी.त ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर अंगणात पाय धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला उगीच वाहायला लावली रे इतकी वर्षं."

मी तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. व्यायाम झाला, असं काही. मी त्यांच्या पायावर पाणी घालत राहिलो.

ही हकीगत मी नातवाला सांगितली, ती अर्थातच त्याने गिटार बदलावी म्हणून. रोज रात्री सावेडीहून सराव करून येतो आणि डावा खांदा चोळत बसतो. हिला वाटतं अभ्यासाने दुखतोय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आजोबा, मामा-पणजोबांनी मोठी पेटी विकली का मग?"

विकली नाही. शेवटपर्यंत रोज सकाळी तिच्यावरच बसत. गेले तेव्हा भात्यात वारा होता असं मामी सांगायची. मी म्हटलं, "पट्टा तरी रुंद घे." तो चार बोटं रुंद कातडी पट्टा घेऊन आला. पेटी माळ्यावर आहे. पेटीची पेटी मात्र खाली आलीये; तिच्यावर बसून तो वाजवतो. तेवढ्यापुरतं साडेचार किलोंचं ओझं मांडीवर.

गेल्या दिवाळीला त्याला शर्ट शिवायला घेऊन गेलो. आता दुकानात त्या शिंप्याचा मुलगा बसतो. त्याने टेप टाकली, एक डोळा मिटला, एकदा नातवाच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या उजव्या.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून एक कोट शिवा. सरळ बसेल."