जेफरसन यांची जहाजबंदी
२२ जून १८०७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेने अमेरिकेच्या 'चेसापीक'वर तोफा डागल्या आणि आपल्या आरमारातून पळालेले म्हणून चार खलाशी उचलून नेले. त्यांपैकी तिघे अमेरिकनच होते. देश खवळला, पण राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याजवळ लढण्याजोगे आरमार नव्हते, आणि ते लहान ठेवण्याचे धोरण त्यांचेच होते. व्यापार तोडला की, आपसातल्या युद्धापायी अमेरिकन व्यापाराची अडवणूक करणारे ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही वठणीवर येतील, असा त्यांचा होरा होता. डिसेंबरमध्ये काँग्रेसने अमेरिकन जहाजांना परदेशी बंदरांकडे जाण्यास मनाई केली.

फटका बसला तो घरच्यांनाच. सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरांची निर्यात वर्षभरात २ कोटी २० लाखांवर आली. न्यू इंग्लंडमधली जहाजे नांगरून पडली, खलाशी बेकार झाले. व्हरमाँटमधून शँप्लेन सरोवरावाटे कॅनडात लाकूड आणि पोटॅश चोरून जाऊ लागले. ते रोखायला सैन्य वापरावे लागले, तेही केंद्राची सत्ता आवरती हवी म्हणणाऱ्या जेफरसन यांना! मरगळलेल्या विरोधी फेडरलिस्ट पक्षात त्यामुळे धुगधुगी आली. मार्च १८०९ मध्ये, पायउतार होण्याच्या तीन दिवस आधी, जेफरसन यांनी बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. खलाशांच्या धरपकडीचा प्रश्न मात्र १८१२ च्या युद्धापर्यंत धुमसत राहिला.