सायलेन्सर, टर्बो आणि वाया जाणारा धूर

मराठीत आपण इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणाऱ्या सगळ्या नळ्यांना सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो. गॅरेजमध्ये उस्तादाला 'सायलेन्सर बदलायचाय' एवढे सांगितले की पुरते. शब्दाचा अर्थ आवाज शांत करणारा, पण आज आपल्या मोहल्ल्यातली पोरे तो बदलतात ते बहुतेक वेळा आवाज वाढवण्यासाठी. जुन्या टर्बो गाड्यांचा नाद असलेले तरुण मला अधूनमधून भेटतात. त्यांचाही समज हाच असतो की आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी. हा समज कुठून आला आणि टर्बो गाडीला तो का लागू पडत नाही, हे कळायचे तर थोडे मागे जावे लागेल.

समज अगदीच निराधार नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रीव्ह्स बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या काळातले असे डबे धुराची वाट अडवत आणि इंजिनाची ताकद खात. म्हणून अनेक गाड्यांना 'कटआउट' नावाची झडप असे. गावात ती बंद ठेवायची आणि गावाबाहेर पडल्यावर उघडायची. उघडली की आवाज वाढे आणि गाडी थोडी हलकी पळे. आवाज आणि ताकद यांचे नाते लोकांच्या मनात तिथे जुळले.

याच सुमारास धुराकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक माणूस स्वित्झर्लंडमध्ये होता. विंटरथूरचा आल्फ्रेड ब्यूखी हा इंजिनिअर होता. इंधनातील उर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर बाहेर निघून जातो, ही गोष्ट त्याला खटकत होती. या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, अशी कल्पना त्याने मांडली. १९०५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. हाच टर्बोचा जन्म. पण एवढी उष्णता सोसणारा धातू तेव्हा नव्हता, त्यामुळे कल्पना वापरात यायला जवळजवळ वीस वर्षे गेली. १९२० च्या दशकात 'प्रॉइसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच डोंगरावर नेऊन तपासले. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, ती टर्बोने भरून निघते, हे तिथे सिद्ध झाले. म्हणजे जहाज, विमान आणि ट्रक यांनी टर्बो आधी स्वीकारला आणि मोटारीची पाळी बरीच उशिरा आली.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या आल्या. जेटफायरमध्ये नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरायला विसरत, आणि ही गाडी लवकरच बंद पडली. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली. तिच्या १७० अश्वशक्तीच्या इंजिनाचे कौतुक झाले, पण तेवढ्यात अरब-इस्रायल युद्ध आणि तेलसंकट आले. जेमतेम १६७२ गाड्या निघाल्या.

टर्बोला रोजच्या वापरात आणण्याचे मोठे श्रेय मी स्वीडनच्या साब कंपनीला देतो. कंपनी लहान होती, नवे मोठे इंजिन बनवण्याएवढा पैसा नव्हता. पण १९६९ पासून ट्रक बनवणारी स्कॅनिया तिच्याबरोबर एक झाली होती आणि स्कॅनियाला टर्बो डिझेलचा अनुभव होता. पेर गिलब्रांड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन लिटरच्या इंजिनाला लहान टर्बो लावला. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादा धूर बाजूने सोडणारी वेस्टगेट ही झडप त्याला जोडली. १९७७ मध्ये दाखवलेल्या साब ९९ टर्बोने १४५ अश्वशक्ती दिली, आणि मुख्य म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाच जोर दिला. पुढे साब ९०० टर्बो आली. इंजिनातील नॉकिंग ऐकून दाब आपोआप कमी करणारी यंत्रणाही आली. कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण या गाड्या जपणारे लोक आजही आहेत.

अशी जुनी गाडी हाती असेल तर सायलेन्सरमध्ये काय बदलायचे? उत्तर वरच्या इतिहासातच आहे. टर्बोचे चक्र फिरते ते त्याच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांच्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी, तितके चक्र लवकर वेग घेते. 'थोडे बॅक प्रेशर हवेच' हा गॅरेजमधला सल्ला टर्बोनंतरच्या नळीला लागू होत नाही. म्हणून पहिला मान टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपचा. दोन इंची नळीऐवजी तीन इंची नळी टाकली तर धुराची वाट सव्वादोन पट रुंद होते. शेपटाकडचा डबा बदलून फक्त आवाज बदलतो, कारण टर्बोचे चक्र धुराचे धक्के मोडून आवाज आधीच बराच खाते.

पण वाट मोकळी केली की लहान वेस्टगेट अपुरी पडू शकते आणि दाब मर्यादेबाहेर चढू शकतो. जुन्या इंजिनाचा पिस्टन अशानेच फुटतो. म्हणून नळी टाकल्यावर बूस्ट मीटर लावून दाब तपासलाच पाहिजे. त्याआधी मॅनिफोल्ड पाहावे. पेट्रोल टर्बोत धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्यामुळे बिडाला तडे जातात, गॅस्केट जळते, स्टड गंजून तुटतात. गळक्या मॅनिफोल्डवर महागडी नळी लावणे म्हणजे फुटक्या घागरीला चांदीचा नळ.

राहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ताकदीसाठी तो काढून टाकणारे बरेच आहेत. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि २००० मध्ये देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ही हवा साफ व्हायला किती वर्षे लागली ते आठवावे. धुराला कमी अडवणारे चांगले कन्व्हर्टर बाजारात मिळतात, तेव्हा काढून टाकण्याला सबब उरत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि केंद्रीय नियम १२० प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ती छायाचित्रे आपण पाहिलीच आहेत.

मला या पोरांचा राग येत नाही. यंत्राची आवड ही चांगलीच गोष्ट आहे, आणि आपल्या अनेक घरांची चूल गॅरेजच्या कमाईवर पेटते. माझे म्हणणे एवढेच आहे की पाच हजार रुपये आवाजावर घालवण्यापेक्षा तेच पैसे मॅनिफोल्डची दुरुस्ती, एक बूस्ट मीटर आणि चांगले ऑइल यांवर घालवावेत. गाडी नक्कीच जास्त पळेल, आणि रात्री अकराला घरी परतताना गल्लीतले म्हातारे-कोतारे झोपलेलेच राहतील.