व्यवसाय : शेती

मागच्या आठवड्यात न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला होता. बोलता बोलता सूनबाई म्हणाली, "आप्पा, आमची पोरगी घरात एक आणि शाळेत भलतीच. मी शाळेत गेले तर मराठीत बोलू नको म्हणते. डब्यात पोळीभाजी नको म्हणते." तिला फार लागलं होतं. मी म्हटलं, अगं, अशी पोरं मी तीस वर्षं शिकवली. ती म्हणाली, बीडमध्ये? फोनवर काही नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी झाली की गावं ओस पडतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. वर्गात पटावर चाळीस पोरं, बाकावर अठरा-वीस. बाकीची आईबापाबरोबर ऊसतोडीला.

हे कधी सुरू झालं? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कारखान्यांची रांगच लागली. तिकडे पाटाचं पाणी, इकडे आमची कोरडवाहू जमीन. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, म्हणून तिकडचे लोक आम्हाला 'मोगलाईतले' म्हणत. १९६० ला महाराष्ट्र एक झाला तरी तो शब्द बरीच वर्षं टिकून होता. म्हणजे एकाच भाषेच्या मुलखात जाऊनही आमची माणसं परकीच. आणि मग १९७२ चा दुष्काळ आला. मी नुकताच बी.ए. होऊन नोकरीला लागलो होतो. लोक खडी फोडत होते, पोरं सुकडीवर जगत होती. आधी एखाद-दुसरं घर फडात जायचं, त्यानंतर वस्त्याच्या वस्त्या जाऊ लागल्या.

तिकडे माणसाला नाव नसतं. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव आणि त्यापुढे उचलीचा आकडा. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण वहीत ती नसते. राहायला कोपी, आजारपणात घरी बसलं तर खाडा. तोच माणूस हंगाम संपवून परत येताना वाटेतल्या बाजारात थांबायचा, पांढरेशुभ्र कपडे घ्यायचा, बायकोला नवं लुगडं घ्यायचा आणि मगच वेशीतून आत यायचा. गावात तो दोन एकरांचा मालक, सप्त्यात पंगत देणारा. तिकडच्या शिव्या, तिकडची उचल हा विषय पारावर निघत नसे.

पोरं हे सगळं बघून शिकायची. एका मुलीला बेरीज घातली तर ती बोटांवर पुटपुटत होती : ओंदु, एरडु, मूरु. मी विचारलं तर गप्प. पुढं कळलं, हिचे आईबाप कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचे. त्यांना कानडी येत नव्हतं, दुकानातलं, दवाखान्यातलं सगळं हीच बोलायची. तिकडे ती घराची कारभारीण आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावरची 'ढ'.

आता माझी एक चूक सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला परतलेल्या एका पोराला मी भर वर्गात विचारलं, "काय रे, पाच महिने कुठं होतास?" तो म्हणाला, "मामाच्या गावाला, गुरुजी." त्याच्या हातावर पाचटानं कापल्याच्या रेघा मला दिसत होत्या. तरी मी म्हणालो, "मामाकडं ऊस भारी दिसतोय!" वर्ग हसला. पोरगं दुसऱ्या दिवसापासून येईना. आठ दिवसांनी बाप त्याला घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, तसं सांगायला मीच शिकवलं होतं त्याला. तिकडचं तिकडं राहावं म्हणून." पोरगं वर्गात बसू लागलं, पण माझ्याशी आपणहून पुन्हा कधी बोललं नाही.

पुढं साखरशाळा आल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली. २०२१ साली सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली. पोर गावात राहिलं तर शाळा बुडत नाही, हे खरं. पण आईबाप तिकडं आणि लेकरू इकडं, म्हणजे घरच दोन ठिकाणी झालं.

मला खंत वाटते ती कागदांची. प्रवेश अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना असतो. बाप सांगायचा शेती, मी लिहायचो शेती. खोटं नव्हतं ते, दोन एकर होतीच. पण पन्नास वर्षांनी कुणी ते अर्ज काढून आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला सगळे शेतकरीच भेटतील. सहा-सहा महिने फडात काढलेले दिवस त्याला कुठंच सापडणार नाहीत.

हे लिहिण्याआधी काल मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, "तुझ्या शाळेच्या अर्जावरही मीच शेती लिहिलंय. पण बहात्तरनंतर तुझ्या बापानं सहा हंगाम कोयता धरला होता. भावानं सांग म्हटलं नव्हतं, सांगू नको असंही कधी म्हटलं नव्हतं. आता तो नाही, आणि मीही किती दिवस आहे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "मी होतो का तिकडं?"

म्हटलं, "होतास. शेवटचे दोन हंगाम. फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधून तुझी आई तुला त्यात निजवायची."

"लिहा, आप्पा," म्हणाला. "पण आधी मी पोरीला सांगतो."

तेव्हा सूनबाई, पोरीला चारचौघांत काही विचारू नकोस. घरात मात्र तिला सगळं ऐकू दे, तिच्या आजोबांचंही.