साच्याशेजारी कोण उभं राहणार?

कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी 1856 साली मुंबईत ताडदेवला सुरू झाली. यंत्रं विलायतेहून आली, ती चालवणारे हात कोकणातून आणि घाटावरून. या हातांना शिकवायला शाळा नव्हती. 1887 साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली खरी, पण साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणणारा साचेवाला काही तिथे तयार होत नसे. तो तयार व्हायचा साच्याशेजारी उभा राहून.

माझ्या वडिलांना त्यांच्या चुलत्याने असंच तयार केलं. खात्यात खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. चुलता खुणेने सांगायचा. आधी नुसती तुटलेली तार सांधायची, मग धोट्यातली सुताची कांडी बदलायची, चालता साचा हातात मिळायचा सगळ्यात शेवटी. तोवर दमडी नाही. धोट्याचा ठोका चुकला की वडिलांना पाठमोरे असतानाही कळायचं. हे कुठल्या पुस्तकातून आलं असतं असं मला वाटत नाही. हात बसला की जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मर्जीने बदली मिळायची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम. बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत गिरणीमालकांनी 1935 साली आणली, पण जॉबरचा शब्द त्यानंतरही चालत राहिला.

ही शिकवणी उत्तम होती, पण ती सगळ्यांसाठी नव्हती. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण साचेवाले अस्पृश्य कामगाराला विणाईच्या खात्यात येऊ देत नसत. त्याच्या वाट्याला सूतकताईचं रिंगखातं, जिथे पगार कमी. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रह धरला: सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी घ्या. मागणी घेतली गेली. मालकांचं म्हणणं, हा अन्याय आमचा नव्हे. कागदावर बंदी नव्हतीच. पण ज्याला कुणी साच्याशेजारी उभं राहू देत नाही, तो शिकणार कसा? मला हा अन्याय पगाराच्या फरकाहून मोठा वाटतो, कारण पुढच्या पिढीला शिकवणारा चुलताच त्या घरात तयार होत नव्हता.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली आला. वडिलांनी तोवर बरीच पोरं हाताखाली तयार केली होती. सगळी आमच्याच भावकीतली.